आचारी काय खातो?

त्या काळात बीड शहरातला सगळ्यात आधुनिक माणूस मी होतो. ही गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती, पण त्याला माझा इलाज नव्हता. नोकरीसाठी लिंबागणेशहून शहरात येऊन मला दीड वर्ष झालं होतं. घराघरांवर केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, चौकाचौकात पिवळे एसटीडी बूथ उभे राहिले होते, आणि कालपर्यंत ज्याच्या पाटीवर 'भोजनालय' होतं त्यानं ती पुसून 'रेस्टॉरंट' करून घेतलं होतं. आतली भाजी तीच होती. फक्त खिडक्यांना मरून रंगाचे पडदे आले, टेबलांवर काच आली आणि काचेखाली मेनूकार्ड आलं. देशानं दरवाजे उघडले, असं पेपरात रोज छापून यायचं. आमच्याकडं उघडलेल्या दरवाजावर 'फॅमिली रूम' असं लिहिलेलं होतं.

बाळू, रशीद आणि मी एकाच कचेरीत कारकून होतो आणि एकाच खोलीत राहत होतो. पगार झाला की पुढच्या रविवारी दुपारी नव्या हॉटेलात जेवायचं, असा आमचा नेम होता. त्यासाठी मी काटा-चमचा विकत आणला होता आणि रोज सकाळी पोह्यांवर सराव करायचो. काट्यानं पोहे खाणं म्हणजे फावड्यानं रांगोळी काढणं, असं रशीदचं मत होतं. मी त्याला मागासलेला समजायचो. सरावानंतर खाली सांडलेले पोहे मात्र तिघं मिळून गोळा करायचो.

आमच्या या सुखी संसारात आप्पा शिरले.

आप्पा आमच्या कचेरीतले हेडक्लार्क. पांढरं धोतर, काळा कोट, डोक्याला टोपी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि कोटाच्या उजव्या खिशात जवसाच्या चटणीची डबी. मूळचे आष्टीकडचे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही, स्वतःच रांधून खायचे. त्यांच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा होती, कारण ते फाईल वाचायचेच नाहीत. फाईल मिटून बाजूला ठेवायचे आणि ज्याचं प्रकरण असेल त्या माणसाला समोर बसवून विचारायचे, "आता तुमी सांगा." मी टिपण लिहिताना तीन-तीनदा खाडाखोड करून शुद्ध भाषा आणलेली असायची. ती कुणी वाचली नाही.

एका सोमवारी बाळू कचेरीत कालच्या पनीरचं वर्णन करत होता. आप्पा मान वर न करता म्हणाले, "येत्या खेपंला मी बी येतो." हेडक्लार्कला नाही कोण म्हणणार?

तो पहिला रविवार मला अजून घाम फोडतो. आम्ही चौघं एका नव्या हॉटेलात बसलो. मी मेनूकार्ड उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात करणार, तोवर आप्पा उठून सरळ आतल्या दाराकडं निघाले. काउंटरवरचा मॅनेजर आडवा आला.

"काका, भटारखान्यात कस्टमरला जाता येत न्हाई."

"मी कस्टमर कुठं हाय अजून? खाल्लं का मी काही?" असं म्हणून आप्पा आत गेलेसुद्धा. मॅनेजर त्या उत्तरावर विचार करत उभा राहिला.

आतलं बोलणं बाहेर स्पष्ट ऐकू येत होतं, कारण आप्पांचा आवाज धोतराला शोभेल असा होता. ते आचाऱ्याला विचारत होते, "मालक, तुमी सोता दुपारच्याला काय खानार?"

"आमचं काय घेऊन बसलाव काका. पिठलं-भाकर."

"मंग मलाबी तेच वाढा. ह्ये बाहीरचं तुमी कावून खात न्हाई?"

यावर आचारी काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. नुसतं हसू ऐकू आलं.

आप्पा परत आले आणि त्यांनी आम्हाला तत्त्व समजावलं. "जो आचारी सोताचं रांधलेलं खात न्हाई, त्येचं आपन खाऊ न्हाई. मेनूकार्ड म्हंजे पत्रिका हाय बे. छत्तीस गुन जुळत्यात, नांदाया गेलं की कळतंय." मग ताट आलं. त्यांच्यापुढं लसणाची फोडणी दिलेलं, वाफाळतं पिठलं, चुलीवरची ज्वारीची भाकरी आणि फोडलेला कांदा. आमच्यापुढं तीन वेगवेगळ्या नावांच्या तीन लाल भाज्या. आप्पांनी तिन्हींकडं पाहिलं आणि अगदी सहज सांगितलं, "एकाच पातेल्यातल्या हायेत तिन्ही. एकीवर साय, एकीवर काजू, एकीवर कोथमीर. मी आत बघून आलो." बाळूचा आयुष्यावरचा विश्वास त्या दिवशी थोडा उडाला. मी मात्र काट्यानं पनीर टोचत म्हणालो की या तिन्हींच्या चवीत सूक्ष्म फरक आहे. रशीदनं आप्पांच्या ताटातली अर्धी भाकरी उचलली.

पुढं हे दर महिन्याला होऊ लागलं. पडदे, काच, मंद दिवा, आणि आप्पा आत. सहा महिन्यांत शहरातले सगळे आचारी त्यांना ओळखू लागले. आम्ही रस्त्यानं चाललो की कुठल्या तरी हॉटेलच्या मागच्या दारातून कुणी तरी हात पुसत बाहेर यायचा आणि आप्पांना रामराम करायचा. पुढच्या दारातल्या मालकांपैकी एकानंही मला कधी ओळख दाखवली नाही, आणि मी तर त्यांना दर महिन्याला 'थँक्यू' म्हणत होतो.

एकदा वरण फार खारट आलं. आम्ही तक्रार करायच्या बेतात होतो. आप्पा आत गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. बघायला गेलो तर भट्टीशेजारी पोत्यावर आचारी रडत बसलेला आणि आप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवतायत. त्याची आई दवाखान्यात होती आणि मालक गावाला जाऊ देत नव्हता. त्यानं दोनदा मीठ टाकलं होतं. आप्पांनी तिथून सरळ काउंटर गाठलं आणि मालकाशी असं काही बोलले की आचाऱ्याला तिथल्या तिथं सुट्टी मिळाली. आम्हाला बाहेरच्या गाड्यावरची केळी मिळाली. रशीद म्हणाला, "जाने दो, अच्छा किया आप्पांनी." मी केळं सोलत मनातल्या मनात चडफडत होतो. त्या हॉटेलात तेव्हा नवीन आइस्क्रीम सुरू झालं होतं आणि मला ते नावानं मागवायचं होतं.

खरं सांगायचं तर मला आप्पांची लाज वाटायची. प्रेमही होतं. तापानं फणफणलो तेव्हा आठ दिवस त्यांनी मऊ भात आणून दिला होता, शेजारी बसून खाऊ घातला होता. पण खोलीतलं प्रेम वेगळं आणि चारचौघांतली लाज वेगळी, अशी माझी सोयीची वाटणी होती. हॉटेलात ते उठून आत गेले की मी काचेखालचं मेनूकार्ड मन लावून वाचायचो, जणू हे धोतरवाले गृहस्थ आमच्या टेबलावर चुकून बसले होते.

अशात माझ्या लग्नाचं निघालं. सिरसाळ्याच्या एका आडत दुकानदारांची मुलगी. परळीला कॉलेज केलेली. ते लोक खरेदीसाठी बीडला येणार होते, तेव्हाच पाहण्याचा कार्यक्रम उरकावा असं ठरलं. पोहे, चहा, गालिच्यावर खाली मान घालून बसलेली मुलगी, हे मला अर्थातच मंजूर नव्हतं. मी निरोप धाडला की आपण रेस्टॉरंटमध्ये भेटू. जालना रोडवर नुकताच एक एसी हॉल झाला होता. जिल्ह्यात दुसरा तसा नाही, अशी त्याची ख्याती होती. आईनं ऐकलं आणि ती म्हणाली, "हाटेलात पोरगी बघाया मी येनार न्हाई. म्हशीचा बाजार हाय का त्यो?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "आप्पाला संगं ने. बाप न्हाई, पोराला कुनीच न्हाई असं वाटाया नको."

माझे वडील मी सातवीत असताना गेले. आईचं बरोबर होतं. मी आप्पांकडं गेलो आणि त्यांना बोलावणं कमी आणि अट जास्त घातली. "आप्पा, एवढा एक दिवस आत जाऊ नका. खुर्चीवरून उठायचं नाही. शब्द द्या."

आप्पांनी मान हलवली. "बरं," म्हणाले.

दिवाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. आप्पा नवं धोतर नेसून, कोटाला इस्त्री करून माझ्याआधी हॉलवर हजर होते. बाळू आणि रशीदही आले होते, पण ते दोन टेबलं सोडून अनोळखी माणसांसारखे बसले होते. मुलगी कशी आहे ते बघायचं होतं आणि जमलं तर जेवायचंही होतं. मुलगी, तिचे वडील आणि आई आली. नमस्कार झाले. वडिलांनी आप्पांकडं बघून विचारलं, "हे कोन?"

हॉलमध्ये गार वारा होता. समोर चकचकीत काच होती. काचेत माझ्या शेजारी भस्माचे पट्टे दिसत होते.

"हे आमच्या ऑफिसातले," मी म्हणालो. "ओळखीचे आहेत. सहज आलेत."

आप्पांनी फक्त टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी मेनूकार्ड हातात घेतलं. ते बारा पानांचं होतं. मी प्रत्येक पान मोठ्यानं वाचलं, काही नावं दोनदा वाचली, आणि शेवटी सहा पदार्थ सांगितले. त्यातले चार मी आयुष्यात पाहिले नव्हते. वेटरनं सगळं लिहून घेतलं आणि मसाला पापड आणून ठेवला. थोड्या वेळानं आणखी पापड आणला. पाऊण तासात त्यानं चार वेळा पापड आणला आणि सात वेळा पाणी. मी त्या पाऊण तासात जागतिक अर्थव्यवस्था समजावून सांगत होतो. मुलीचे वडील आडतीतले जुने माणूस, दर पाच मिनिटांनी "हां" म्हणत होते.

आप्पांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. त्यांचे कान आतल्या दाराला लागले होते आणि हात खुर्चीला. शेवटी ते माझ्याकडं झुकून पुटपुटले, "तास होत आला. फोडनीचा वास न्हाई. कढई सुदीक वाजली न्हाई एकदा."

"आप्पा, प्लीज," मी दात आवळून म्हणालो.

दिलेला शब्द आप्पांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, खुर्चीच्या दांड्यासकट. पलीकडं रशीद पोटावर हात ठेवून मला खुणा करत होता आणि मी त्याला ओळखत नव्हतो.

मग मुलगी पहिल्यांदा बोलली. "मला भूक लागलीय," ती म्हणाली. "तुमाला न्हाई लागली का?"

इतका सरळ प्रश्न मला शहरात आल्यापासून कुणी विचारला नव्हता. माझी मान आपोआप वळली. "आप्पा," मी म्हणालो, "जरा आत बघता का?"

आप्पा माझं वाक्य पुरं व्हायच्या आत उठले. दोन मिनिटांत परत आले तेव्हा कोट हातावर होता आणि बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या.

"आचारीच न्हाई आत. आमच्या आष्टीकडचा होता. टोळी निघाली ऊस तोडाया, परवा त्यो बी कारखान्यावर गेला. मॅनेजर बिचारा गॅसवर पापड भाजतोय. दुसरा आचारी येईल येईल म्हनून तुमाला बसवून ठिवलं." मग मुलीकडं वळून म्हणाले, "ज्वारीचं पीठ हाय, डाळीचं पीठ हाय, लसूण हाय. अर्धा तास दे, बाई."

दिवाळी सरली की अर्धा जिल्हा कोयते घेऊन ट्रकवर चढतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आमच्या गावातली आळीच्या आळी जायची. पण त्या माणसांत एखादा एसी हॉलचा आचारी असेल, हे माझ्या आधुनिक डोक्यात आलं नव्हतं. बारा पानांचं मेनूकार्ड आणि आत थंड भट्टी.

यानंतर जे झालं त्यात माझा काही वाटा नाही. आप्पा आत गेले. भांडी घासणाऱ्या मावशींनी भट्टी पेटवली. कांदा चिरायला माणूस हवा म्हणून आप्पांनी आतून हाक मारली, "बाळ्या! रशीद! कावून बसलाव बे तिथं?" दोन टेबलांपलीकडचे दोन अनोळखी गृहस्थ उठून आत गेले. मुलीच्या वडिलांनी माझ्याकडं पाहिलं. "हे पण ओळखीचे?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग मुलीची आई म्हणाली, "सात-आठ मानसाच्या भाकरी एकट्या बाईला झेपायच्या न्हाईत," आणि पदर खोचून आत गेली. वडील काही वेळ चुळबुळले आणि पीठ कुठल्या जातीच्या ज्वारीचं आहे ते बघून येतो म्हणून तेही गेले.

एसी हॉलमध्ये मी आणि मुलगी दोघंच उरलो. सहा महिने आखणी केली असती तरी मला हे जमलं नसतं.

आतून फोडणीचा आवाज आला. मुलीनं मला विचारलं, "त्ये तुमचे कोन?"

"आप्पा," मी म्हणालो.

"मंग ओळखीचे कावून म्हनलात?"

खोटं सांगायला सहा-सात वाक्यं तयार होती. का कोण जाणे, एकही बाहेर आलं नाही. "लाज वाटली," मी म्हणालो. "धोतराची. मोठ्यानं बोलतात त्याची. माझ्या तापात आठ दिवस ते उशाशी होते, तरी वाटली."

ती रागावेल असं वाटलं. ती नुसती टेबलाच्या काचेवर बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "मी सिरसाळ्याची हाय. असंच बोलते. उद्या मला चारचौघांत काय म्हनाल? ओळखीची?"

आजवर कुठल्याच मुलाखतीत मी इतका नापास झालो नव्हतो.

पिठलं आलं, भाकरी आली, ठेचा आला. सगळे हॉलमध्ये एकाच टेबलाभोवती दाटीवाटीनं बसले, मॅनेजर आणि मावशींसकट. मी काटा उचलला आणि ठेवून दिला. जेवण झाल्यावर मुलीच्या वडिलांनी हात धुतले, आप्पांच्या समोर येऊन बसले आणि म्हणाले, "तुमी रोज बगता ह्यांना. ओळखीचे म्हनून इचारतो. मुलगा कसा हाय? खरं सांगा. माझ्या पोरीचा प्रश्न हाय."

ज्या माणसाला मी दोन तासांपूर्वी नाकारलं होतं, त्याच्या एका शब्दावर आता सगळं होतं. मुलगीही त्यांच्याकडंच बघत होती. आप्पांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. भस्म केव्हाच घामात गेलं होतं.

"काम चांगलं करतो," आप्पा म्हणाले. "टिपन लई लांब लिव्हतो, पर खोटं लिव्हत न्हाई. खोटं बोलाया लागला की कान लाल व्हत्यात, तवा धोका न्हाई. एक खोड हाय. आपल्या मानसाची लाज वाटती त्येला." त्यांनी चढवलेल्या बाह्या खाली ओढल्या. "वय हाय, जाईल. आन् न्हाई गेली तर मला सांगा. बाप न्हाई त्येला, मी हाय. पोरगं माझं हाय."

माझी टिपणं आप्पा वाचत होते, हे मला तेव्हा कळलं. मी त्या एसीत खाली मान घालून बसलो. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात जसं बसतात तसा. रशीदनं माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. मग मुलीच्या वडिलांनी आप्पांना विचारलं की ठेच्यात तीळ होते की शेंगदाणे.

होकार चार दिवसांनी आला. का आला ते मी बायकोला पुष्कळदा विचारलं. पिठलं चांगलं होतं, एवढंच ती सांगते.

आप्पा निवृत्त होऊन आष्टीला गेले. वर्षातून दोनदा आमच्याकडं यायचे आणि स्वयंपाकघरातच मुक्काम ठोकायचे. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा शेजारी नव्यानं राहायला आलेल्या बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, "तुमचे सासरे काय करायचे हो?" मी पेपर वाचत होतो. माझे वडील कोरडवाहू शेती करायचे आणि त्यांना चहासुद्धा करता येत नव्हता. बायको म्हणाली, "हेडक्लार्क होते. पिठलं फार छान करायचे." मी पेपर खाली घेतला नाही आणि दुरुस्तीही केली नाही.